कशावरून? : विद्यापीठीय निबंधलेखनाविषयी काही विचार



ज्या शाळेच्या अंगणात मी लहानाचा मोठा झालो, त्याच शाळेच्या सभागृहात आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ बोलण्याची संधी मिळावी, यासारखे भाग्य नाही. वय आता पंचाहत्तरीला टेकले आहे. स्मरणशक्ती पूर्वीसारखी साथ देत नाही. तरीही आमच्या सरांच्या हातातली लाल शाईची दौत आणि बोरू मात्र अद्याप डोळ्यांसमोर जशाच्या तशा उभ्या राहतात. सर आम्हांला आठवीपासून मराठी आणि इतिहास शिकवीत. आठवड्याला एक निबंध लिहून आणलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आम्ही पानेच्या पाने भरून नेत असू. सर ती शांतपणे वाचीत आणि समासात एकच शब्द लिहून वही परत करीत. तो शब्द असे, ‘कशावरून?’

शिवाजीमहाराज हे थोर राज्यकर्ते होते, असे लिहिले की समासात ‘कशावरून?’ खेडी ओस पडत आहेत, असे लिहिले की ‘कशावरून?’ त्या वयात आम्हांला या शब्दाचा राग येई. सरांना आमचे म्हणणे पटलेले नाही, असा आमचा समज होत असे. वस्तुतः सर आमच्या मताला विरोध करीत नव्हते, त्या मताला आधार मागत होते. हा भेद कळायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे त्या एका शब्दाचे विवरणच होय.

हा विषय निवडण्याचे कारणही सांगितले पाहिजे. सेवानिवृत्तीनंतर माझ्याकडे या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली अधूनमधून येतात. कोणी वाणिज्य शाखेत असतो, कोणी व्यवस्थापनशास्त्र शिकत असते, कोणी समाजशास्त्र वा राज्यशास्त्र घेतलेले असते. मी मराठीचा प्राध्यापक. त्यांच्या विषयांतले माझे ज्ञान बेताचेच. पण त्यांची अडचण बहुधा विषयाच्या ज्ञानाची नसतेच. ‘सर, दोन हजार शब्दांची असाइनमेंट द्यायची आहे, सुरुवात कशी करू?’ हा त्यांचा प्रश्न असतो. पुस्तके वाचलेली असतात, वर्गातली टिपणे असतात, पण लिहायला बसले की हात चालत नाही. आणि चालला तर नुसता वाहत जातो. ही अडचण सर्व शास्त्रांत सारखीच आहे. म्हणूनच तिच्याविषयी भाषेच्या शिक्षकाने बोलायला हरकत नसावी.

निबंध म्हणजे काय?

शाळेत आपण ‘माझा आवडता ऋतू’ लिहितो आणि विद्यापीठात ‘भारतातील लघुउद्योगांच्या समस्या’ लिहितो. दोहोंना आपण निबंधच म्हणतो आणि घोटाळ्याला तेथेच आरंभ होतो. पहिल्यात मनाला स्वैर फिरू देणे हा गुण असतो. दुसऱ्यात तोच दोष ठरतो. ‘निबंध’ या शब्दाचा मूळ अर्थच घट्ट बांधणे असा आहे. आपल्याकडे धर्मशास्त्रावर जे निबंधग्रंथ झाले, त्यांत तेराव्या शतकातल्या हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ प्रसिद्ध आहे. या निबंधकारांपुढे काम कोणते होते? एकाच विषयावर निरनिराळ्या स्मृतींची, पुराणांची वचने विखुरलेली असत. काही परस्परविरोधीही असत. ती एकत्र आणायची, त्यांतला विरोध तपासायचा आणि शेवटी व्यवस्था लावायची. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा आधुनिक मराठीत युक्तिवाद करणाऱ्या गद्याला एक भारदस्त वळण लागले. विष्णुशास्त्र्यांची मते आज कोणाला पटोत वा न पटोत, एक मुद्दा धरून तो शेवटपर्यंत चालवायचा ही शिस्त तेथे शिकायला मिळते.

पूर्वमीमांसेत एखाद्या अधिकरणाची साधारणपणे पाच अंगे सांगतात : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. मला वाटते, विद्यापीठीय निबंधाचा याहून चांगला आराखडा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. विषय कोणता, हे आधी सांगा. त्यात शंकेची जागा कोठे आहे, ती दाखवा. कारण जेथे शंका नाही तेथे निबंधाचे प्रयोजनच नाही. आपल्याला मान्य नसलेला पक्ष प्रामाणिकपणे मांडा. मग त्याला उत्तर द्या. शेवटी निर्णय सांगा. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या निबंधांत विषय असतो आणि एकदम निर्णय असतो. मधली तीन अंगे गळालेली असतात.

प्रश्न वाचण्याची कला

निबंधाची पहिली पायरी लेखन नव्हे, प्रश्नाचे वाचन ही होय. प्रश्नपत्रिकेतील क्रियापदाकडे आपण दुर्लक्ष करतो. ‘वर्णन करा’ म्हटले असता काय आहे ते क्रमाने सांगायचे असते. ‘स्पष्ट करा’ म्हटले असता ते तसे का आहे, याची कारणे उलगडायची असतात. ‘तुलना करा’ म्हणजे आधी एकाची माहिती आणि मग दुसऱ्याची माहिती असे दोन गाठोडी बांधून ठेवणे नव्हे. दोहोंना एकच कसोटी लावून साम्य आणि भेद दाखवणे होय. ‘चर्चा करा’ म्हटले की किमान दोन बाजू संभवतात, हे गृहीतच असते. ‘मूल्यमापन करा’ म्हटले की कोणत्या निकषावर, हे आधी सांगावे लागते. ‘चिकित्सा करा’ म्हणजे दोष काढणे नव्हे. विधानाच्या मुळाशी असलेली गृहीतके उघडी करून ती टिकतात की नाही, हे पाहणे होय.

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. समजा, प्रश्न असा आहे : ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यामुळे बडोदे संस्थानात शिक्षणाचा प्रसार झाला, या विधानाची चिकित्सा करा.’ सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला, ही माहिती बहुतेकांना असते. ती लिहून, महाराजांच्या दूरदृष्टीचा गौरव करून विद्यार्थी मोकळा होतो. पण प्रश्नातला कळीचा शब्द ‘मुळे’ हा आहे. कायदा झाला आणि शिक्षण वाढले, या दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. १९१० नंतर संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. त्याचा वाटा किती? कायद्याची अंमलबजावणी सर्व तालुक्यांत सारखी होती काय? मुलींच्या बाबतीत परिणाम तोच झाला काय? कायदा नसलेल्या शेजारच्या मुलखात त्याच काळात काय घडत होते? हे प्रश्न विचारले की महाराजांचे श्रेय कमी होत नाही. उलट ते नेमके कोठे आहे हे कळते. गौरव करणे आणि समजून घेणे यांत हा फरक आहे.

एका विद्यार्थ्याचा निबंध

उत्तम विद्यापीठीय निबंध कसा असतो, याचा नमुना मला कोणी विचारला तर मी एका विद्यार्थ्याचे नाव सांगतो. त्याचा या नगरीशी जिव्हाळ्याचा आणि वेदनेचाही संबंध आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादवर्गात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर एक निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आपण ज्याला असाइनमेंट म्हणतो, तसाच तो एका वर्गासाठी केलेला स्वाध्याय होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या निबंधाची बांधणी पाहण्यासारखी आहे. बाबासाहेब आरंभी विषयाची व्याप्ती आखून घेतात आणि मग थेट व्याख्येकडे वळतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या ते एकेक तपासतात. केतकरांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला, ते हेच केतकर. केतकरांची दृष्टी बाबासाहेबांना इतरांपेक्षा अधिक स्वच्छ वाटते आणि ते तसे मोकळेपणाने म्हणतात. पण तेथे थांबत नाहीत. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली : जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी. बाबासाहेब दाखवतात की ही लक्षणे दोन नाहीतच. एकाच वस्तूच्या त्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायचे नाही असे ठरले, की बाहेरच्याचे मूल आत येण्याचा मार्ग आपोआप बंद होतो. ज्याच्या मताचा आदर करायचा त्याच्याच मताला पुढची पायरी घालून द्यायची, ही चिकित्सेची रीत येथे शिकावी.

यानंतर युक्तिवादाची साखळी सुरू होते. जातीचे मूळ लक्षण जातीअंतर्गत विवाह. पण भारतीय समाजात सगोत्र विवाह निषिद्ध, म्हणजे मूळ प्रवृत्ती गटाबाहेर लग्न करण्याची. तेव्हा बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला, तेव्हाच जात निर्माण झाली. आता एखाद्या गटाला स्वतःला असे कोंडून घ्यायचे असेल तर गटातल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा वा बायको अकाली मरण पावली की एक व्यक्ती शिल्लक उरते आणि ती मर्यादा मोडण्याचा धोका उत्पन्न होतो. शिल्लक उरलेल्या स्त्रीचा प्रश्न सोडवण्यासाठी सती आणि सक्तीचे वैधव्य. शिल्लक उरलेल्या पुरुषासाठी संन्यास किंवा अल्पवयीन मुलीशी विवाह. या रूढींचे गुणगान पुष्कळांनी केले होते, निंदाही पुष्कळांनी केली होती. त्या का अस्तित्वात आल्या, हा प्रश्न या तरुणाने विचारला आणि त्याचे उत्तर एका गृहीतावरून पायरी पायरीने काढून दाखवले. एक कडी काढली तर पुढची कडी लोंबकळत राहावी, अशी ती गुंफण आहे.

आणि शेवट? आपले हे मत अंतिम आहे असा दावा ते करीत नाहीत. विरुद्ध पुरावा आला तर ते सोडून देण्याची तयारी ते स्पष्ट बोलून दाखवतात. ज्या प्रश्नाची धग त्यांनी स्वतःच्या आयुष्यात क्षणोक्षणी सोसली, जो प्रश्न पुढच्याच वर्षी, १९१७ साली, याच शहरात नोकरीवर आल्यावर राहायला जागा मिळू न देण्याइतका निष्ठुर ठरणार होता, त्या प्रश्नावर लिहितानाही त्यांनी विशेषणांचा आश्रय घेतला नाही. रागावण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? पण राग त्यांनी युक्तिवादाच्या बांधणीत मुरवला. निबंधलेखनातल्या संयमाचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

एका शब्दाची चिकित्सा

बाबासाहेबांचाच आणखी एक लेख अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. १९१८ साली भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात शेतीच्या लहान तुकड्यांवर त्यांचा लेख आला. त्या काळी तज्ज्ञांचे म्हणणे असे की, शेताचे तुकडे फार लहान झाले आहेत. ते एकत्र करावेत, मोठे करावेत. बडोदे संस्थानातील समितीच्या अहवालाचाही त्या लेखात परामर्श घेतलेला आहे. बाबासाहेबांनी ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ या शब्दप्रयोगालाच हात घातला. कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर जमीन, अशी व्याख्या काही जण करीत होते. ते म्हणतात, ही कसोटी उपभोगाची झाली, उत्पादनाची नव्हे. जमीन हा उत्पादनाचा एक घटक आहे. श्रम आणि भांडवल यांच्याशी तिचे प्रमाण जुळले तर लहान शेतही किफायतशीर ठरेल आणि न जुळले तर मोठे शेतही तोट्यात जाईल. खरा रोग तुकड्यांचा आकार नसून जमिनीवर पडलेला रिकाम्या हातांचा भार हा आहे, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरणाचा. उपाय मान्य करा वा करू नका. पण प्रश्नातला एक शब्द तपासल्याने सारा प्रश्नच कसा पालटतो, हे पाहा. व्याख्या शब्दकोशातून उतरवून पहिल्या परिच्छेदात चिकटवायची नसते. तिच्यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

वाणिज्याचा विद्यार्थी आणि दुधाचा थेंब

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ‘केस स्टडी’ लिहावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ‘अमूलच्या यशाची कारणे’ हा विषय दिलेला असतो. आणंद येथून तासाभराच्या वाटेवर असल्यामुळे मुलांना विषय सोपा वाटतो. मग १९४६ साली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना झाली, त्रिभुवनदास पटेलांनी नेतृत्व केले, १९४९ साली वर्गीस कुरियन आले, १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, अशी हकीकत कालक्रमाने येते आणि शेवटी ‘अशा प्रकारे अमूल यशस्वी झाले’ असे वाक्य येते. माहिती खोटी नाही. पण ही बखर झाली, विश्लेषण नव्हे.

मी त्यांना विचारतो, ‘दूध आणि गहू यांत विक्रेत्याच्या दृष्टीने फरक कोणता?’ मूल थोडा विचार करते आणि म्हणते, ‘दूध नासते.’ बस्स, येथे निबंध सुरू झाला! दूध नासते, म्हणून शेतकरी थांबू शकत नाही. थांबू शकत नाही, म्हणून भावाच्या घासाघीशीत घेणाऱ्याचा वरचष्मा राहतो. खेडा जिल्ह्यात दूध घेणारा मोठा व्यापारी एकच असल्यामुळे तो वरचष्मा अधिकच वाढला होता. त्यावर उपाय संप करणे हा तात्पुरता. टिकाऊ उपाय म्हणजे दूध टिकवण्याची यंत्रणाच उत्पादकांच्या मालकीची असणे. पुढे हिवाळ्यात दूध उतू जाते आणि उन्हाळ्यात आटते. जास्तीच्या दुधाची भुकटी करता आली तरच संघ बारमाही दूध घेण्याची हमी देऊ शकतो. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असा जाणकारांचा समज होता. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदचा भुकटीचा कारखाना सुरू झाला. म्हणजे तंत्रज्ञानाने हमी दिली, हमीने विश्वास दिला आणि विश्वासावर गावची संस्था, जिल्ह्याचा संघ आणि १९७३ पासून राज्याचा महासंघ अशी त्रिस्तरीय रचना उभी राहिली.

आता पूर्वपक्ष : रचनाच जर यशाचे कारण असेल, तर तीच रचना उचललेले सर्व ठिकाणचे दूधसंघ सारखेच यशस्वी का झाले नाहीत? या प्रश्नाला सामोरे गेल्याशिवाय निबंध पुरा होत नाही. मग नेतृत्व, राजकीय हस्तक्षेपाचे प्रमाण, व्यावसायिक व्यवस्थापकांना मिळालेले स्वातंत्र्य, जवळची मोठी बाजारपेठ या गोष्टींकडे वळावे लागते. ज्याला महाराष्ट्राची माहिती आहे, त्याने धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याशी तुलना करावी. ऊसही तोडल्यावर थांबत नाही. मग साम्य कोठे आणि भेद कोठे? पाहा, एका थेंबातून केवढा विषय निघाला!

प्रत्येक शास्त्राचे ‘कशावरून’ वेगळे

येथे एक सूचना केली पाहिजे. ‘कशावरून?’ हा प्रश्न सर्व शास्त्रांत एकच असला तरी त्याचे उत्तर सर्वत्र एकाच नाण्यात देता येत नाही. इतिहासात समकालीन कागद लागतो आणि तो कोणी, कधी, कोणत्या हेतूने लिहिला हे पाहावे लागते. अर्थशास्त्रात आकडे लागतात. पण आकड्यांबरोबर ‘इतर परिस्थिती कायम असता’ ही अट विसरून चालत नाही. समाजशास्त्रात पाहणी आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांना महत्त्व. तेथे आपल्या ओळखीतल्या चार घरांवरून साऱ्या समाजाविषयी बोलण्याचा मोह आवरावा लागतो. राज्यशास्त्रात संविधानातील तरतूद आणि प्रत्यक्ष व्यवहार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी गृहीत धरू नये. व्यवस्थापनात संस्थेचा स्वतःचा वार्षिक अहवाल हा पुरावा खरा, पण तो संस्थेने स्वतःविषयी लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. एका विषयातली रीत दुसऱ्यात नेणारा विद्यार्थी कष्ट करूनही मागे पडतो आणि का पडलो, हे त्याला कळत नाही.

प्रत्यक्ष लेखन

लिहिण्याचा क्रम मी मुलांना असा सांगतो. प्रथम प्रश्न स्वतःच्या शब्दांत, आणि शक्य तर स्वतःच्या भाषेत लिहून काढा. आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात गुजराती बोलतात आणि परीक्षेत इंग्रजी लिहितात. तीन भाषा येणे हे वैभव आहे. पण परक्या भाषेत लिहिताना पुस्तकातली वाक्ये आपली वाटू लागतात, हा त्यातला धोका. जे तुम्हांला आईला समजेल अशा मराठीत सांगता येत नाही, ते तुम्हांला समजलेले नाही, असे खुशाल समजावे.

त्यानंतर वाचावे. वाचताना टिपणाचे दोन रकाने करावेत : एका बाजूला ग्रंथकार काय म्हणतो आणि कोणत्या पानावर म्हणतो, दुसऱ्या बाजूला आपल्याला काय वाटते. हे दोन रकाने मिसळले की उसने काय आणि घरचे काय, हे आपले आपल्यालाच कळत नाही. कळत नकळत होणारी बरीचशी उचलेगिरी याच ठिकाणी होते. मग आपले प्रतिपाद्य एका वाक्यात लिहावे. ते वाक्य असे असावे की एखाद्या शहाण्या माणसाला त्याच्याशी असहमत होता यावे. ‘सहकार महत्त्वाचा आहे’ याला कोण नाही म्हणेल? म्हणून ते प्रतिपाद्य नव्हे.

पुढे प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याचा आधार आणि त्याचा मूळ प्रश्नाशी संबंध, या तीन गोष्टी आहेत की नाही ते पाहावे. प्रस्तावना शेवटी पुन्हा लिहावी. कारण कोठे पोचलो हे कळल्यावरच कोठून निघालो हे नीट सांगता येते. उपसंहारात आधीचेच पुन्हा न सांगता, या सर्वांवरून काय निष्पन्न झाले आणि काय अनिर्णित राहिले, ते सांगावे. आणि सुपूर्द करण्यापूर्वी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी लाल शाई घेऊन बसावे आणि स्वतःच्याच प्रत्येक विधानाच्या समासात सरांचा शब्द लिहावा.

एक कबुली

येथवर मी विद्यार्थ्यांचे दोष सांगितले. आता शिक्षकाचा एक सांगतो. तो माझाच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थिनीने अंतर्गत परीक्षेत केतकरांच्या कादंबऱ्यांवर निबंध लिहिला होता. मी वर्गात सांगितलेल्या मताच्या नेमके उलट तिने प्रतिपादन केले होते. वह्यांचा ढीग समोर, गुण कळवण्याची मुदत उद्याची. अपेक्षित मुद्दे आले नाहीत, एवढे पाहून मी तिला वीसांपैकी आठ गुण दिले. ती भेटायला आली. वाद घातला नाही. एवढेच विचारले, ‘सर, माझं म्हणणं चूक आहे, की वेगळं आहे?’

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्री तो निबंध पुन्हा वाचला. प्रत्येक विधानाला आधार होता. तिने कादंबरीतले प्रसंग दाखवून दिले होते. सरांनी ज्याच्यासाठी आमच्या वह्या लाल केल्या, ते सारे त्या मुलीपाशी होते आणि सरांचा शिष्य म्हणवणाऱ्या मला ते ओळखता आले नव्हते. गुण तोवर वर गेले होते. ते परत मागवण्याचे धैर्य मी दाखवले नाही. तिने पुढच्या वर्षापासून माझी टिपणे जशीच्या तशी लिहिली आणि तिला चांगले गुण पडले. याचे शल्य मला अद्याप आहे. एक विचार करणारे माणूस मी नक्कल करायला शिकवले.

मुले गाइडे वाचतात, तयार निबंध विकत घेतात, अशी तक्रार आपण करतो. आता तर संगणकाला प्रश्न घातला की तो क्षणार्धात नेटका निबंध हाती ठेवतो; कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नावही तितक्याच ठामपणे देतो. मध्यंतरी असाच एक निबंध घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला. भाषा सफाईदार, मुद्दे रेखीव. मी तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवले आणि विचारले, ‘हे कशावरून?’ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘सर, गुण मिळतील ना?’ मला त्याच्यावर रागावता आले नाही. मला ती विद्यार्थिनी आठवली. वेगळे म्हटल्याबद्दल जेथे शिक्षा होते, तेथे कोणी स्वतःचे म्हणणे कशासाठी मांडावे? यंत्र नवे आहे. पण विचार न करता गुण मिळवण्याची वाट आम्हीच कधीची मळून ठेवली होती.

यंत्राचा उपयोग करू नये, असे मी म्हणत नाही. शब्दकोशाचा, ग्रंथपालाचा, हुशार मित्राचा उपयोग आपण करतोच. पण निबंध लिहायला सांगतात तो कागद मिळावा म्हणून नव्हे. परीक्षकाला अमूलची माहिती हवी असती तर त्याने पुस्तक काढून वाचली असती. लिहिताना माणसाच्या मनात जी उलथापालथ होते, ती व्हावी म्हणून निबंध असतो. ती दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, जसे दुसऱ्याच्या जेवण्याने आपले पोट भरत नाही.

समारोप

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातले बहुतेक जण पुढे प्राध्यापक वा लेखक होणार नाहीत. कोणी बँकेत कर्जाच्या अर्जावर अभिप्राय लिहील, कोणी कारखान्याचा अहवाल तयार करील, कोणी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठराव मांडील. आणि मतदान तर सर्वच जण करतील. तेथे कोणी तुम्हांला ठासून सांगेल की अमुक जातीची माणसे अशीच असतात, अमुक योजनेने गरिबी हटली, अमुक धंद्यात तोटा येणे शक्यच नाही. त्या क्षणी तुमच्या मनाच्या समासात तो शब्द उमटला तर या शाळेचे आणि आमच्या सरांचे ऋण फिटले, असे मी समजेन. आणि तोच प्रश्न कोणी तुम्हांला विचारला तर रागावू नका. तो अविश्वास नसतो. तुमचे म्हणणे गंभीरपणे ऐकले जात आहे, याची ती खूण असते.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. लाल शाईने तो शब्द जरूर लिहा. पण त्याचे उत्तर घेऊन मूल तुमच्यापाशी आले, तर ते उत्तर तुमच्या अपेक्षेहून वेगळे असले तरी आधी ऐका. मी एकदा ऐकले नाही.

माझे हे बोलणेही तपासून पाहावे. त्यातले जे आधाराला टिकेल ते ठेवावे, न टिकेल ते टाकून द्यावे. सरांना तेच आवडले असते.